मुंबईत कुणी कुणाला ओळखत नाही, हे खरं कधी होतं?

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की बहुतेक लोक लगेच विचारतात, "मग काय ठरलं? गाव बरं की शहर?" प्रश्न गमतीत विचारलेला असतो, पण त्यामागे एक पक्कं चित्र असतं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, अडीअडचणीला धावून येतात आणि जरा जास्तच चौकशाही करतात. शहरात कुणी कुणाला विचारत नाही, शेजारच्या दारामागे कोण राहतं हे वर्षानुवर्षं कळत नाही. एकीकडे माया, दुसरीकडे मोकळीक. आपण सगळे कधी ना कधी या दोन्हींपैकी एकाला कंटाळून दुसऱ्याची स्वप्नं पाहतो.

मी मूळचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी. सध्या मुंबईच्या गिरण्यांच्या काळातल्या स्थलांतरावर काम करतोय. जुन्या जनगणनेचे तक्ते आणि नेटवर्कचं गणित यांची सांगड घालायची, असं थोडक्यात म्हणता येईल. या कामात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा अडवते: वरचं चित्र मुंबईला लावायला गेलं की ते बसतच नाही. का बसत नाही, हे आज सांगतो.

हे चित्र आलं कुठून?

गाव आणि शहर यांची अशी फोड करण्याची सवय समाजशास्त्राला युरोपातून लागली. जर्मनीत फर्डिनांड ट्योनिस यांचं पुस्तक १८८७ मध्ये आलं. त्यांनी समाजाचे दोन प्रकार पाडले. एक रक्ताच्या, शेजाराच्या, सवयीच्या नात्यांवर उभा असलेला. दुसरा करार, पैसा आणि सोय यांवर चालणारा. १९०३ मध्ये गेऑर्ग झिमेल यांनी बर्लिनसारख्या महानगरातल्या माणसाच्या मनावर निबंध लिहिला. शहरात दर मिनिटाला इतक्या गोष्टी अंगावर येतात की माणूस स्वतःला वाचवण्यासाठी थोडा कोरडा, अलिप्त होतो, असा त्यांचा मुद्दा होता. पण हीच अलिप्तता माणसाला स्वातंत्र्य देते, हेही त्यांनी त्याच निबंधात मांडलं. पुढे १९३८ मध्ये शिकागोच्या लुई वर्थ यांनी तीन गोष्टी एकत्र केल्या: लोकसंख्येचा आकार, दाटी आणि विविधता. या तिन्ही वाढल्या की नाती वरवरची होतात, असं त्यांनी म्हटलं.

ही सगळी माणसं हुशार होती, आणि त्यांचं म्हणणं वेडगळ मुळीच नाही. पण ती पाहत होती बर्लिन आणि शिकागो. आपण परळ-लालबाग पाहू.

आधी थोडं गणित (घाबरू नका)

पाचशे माणसांचं एक गाव घ्या. त्यात माणसांच्या जोड्या किती होतील? ५०० गुणिले ४९९ भागिले २, म्हणजे १,२४,७५०. लहान गावात यातल्या जवळजवळ प्रत्येक जोडीची एकमेकांशी ओळख असते.

आता १९२१ ची मुंबई घ्या. जनगणनेत लोकसंख्या भरली ११,७५,९१४. इथे जोड्या होतात सुमारे ६९ हजार कोटी. समजा या शहरातला प्रत्येक माणूस गावातल्या माणसाइतकाच माणूसवेल्हाळ आहे आणि पाचशे जणांना ओळखतो. तरीही साधारण २,३५० जोड्यांपैकी एकाच जोडीत ओळख सापडेल. रस्त्यात समोरून येणारा माणूस तुमच्या ओळखीचा नसणार, हे जवळजवळ ठरलेलंच.

म्हणजे अनोळखीपणा हा शहराच्या आकाराचा साधा हिशोब आहे. कुणाचंही मन कोरडं न होता, कुणाचाही एकही मित्र कमी न होता तो तयार होतो. अनोळखीपणा वेगळा आणि एकटेपणा वेगळा, हे इथेच मनात पक्कं करून ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही ज्या पाचशे जणांना ओळखता, ते एकमेकांना ओळखतात का? नेटवर्कच्या अभ्यासात हे मोजायचं एक माप असतं. सोप्या भाषेत, तुमच्या कोणत्याही दोन ओळखीच्या माणसांची आपापसात ओळख असण्याची शक्यता किती, ते मोजायचं. गावात ती खूप जास्त असते. तुम्ही सकाळी एसटी स्टँडवर कुणाशी बोललात हे दुपारपर्यंत घरी कळतं, ते याच कारणाने. तुमच्यावर विश्वास ठेवून कुणी उसने पैसे देतं, तेही याच कारणाने. मदत आणि पाळत एकाच तारेवरून चालतात.

तेव्हा समाज "जवळचा" आहे की नाही हे ठरवताना किती लोक तुम्हाला ओळखतात एवढं पाहून भागत नाही. तुम्हाला ओळखणारे एकमेकांना किती ओळखतात, तेही पाहावं लागतं. या मापाने गिरण्यांची मुंबई कशी दिसते?

मुंबईत वसलेली गावं

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत तारदेव, भायखळा, परळ, लालबाग हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. माणसं बाहेरून आली. १९११ च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे ८० टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते, १९२१ मध्ये ८४ टक्के. त्यात सर्वांत मोठा वाटा एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि त्याखालोखाल घाटावरच्या जिल्ह्यांतली माणसं. १९२१ मध्ये दर १,००० पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. बायकामुलं गावी, कमावता पुरुष मुंबईत, अशी ही रचना.

वर्थसाहेबांच्या तिन्ही अटी इथे भरपूर पूर्ण होतात. आकार आहे, विविधता आहे, आणि दाटी तर विचारू नका: शहरातले निदान दोन-तृतीयांश लोक एकेका खोलीत राहत होते. मग नाती वरवरची व्हायला हवी होती. झालं उलट.

कोकणातला एखादा तरुण बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरला की कुठे जायचा? गाववाल्यांच्या खोलीवर. एका खोलीत दहा-वीस-तीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. रात्रपाळीवाला परत येईस्तोवर दिवसपाळीवाल्याची वळकटी आवरलेली असायची. भिंतीला ओळीने ट्रंका. नोकरी लागायची ती जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे गिरणीत माणसं भरणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा आणि बरेचदा त्यांना उसने पैसेही देणारा माणूस. तो शक्यतो आपल्या गावची, भावकीतली, जातीतली माणसं भरायचा. त्यात प्रेमाचा भाग असेलही, पण सोयीचा जास्त होता. गाववाला पळून गेला तर त्याच्या घरी निरोप पाठवता येतो. जेवायला खाणावळ, आणि तीही बहुतेकदा आपल्याकडच्याच बाईची, कारण कालवणाची चव जुळायला हवी. महिन्याचा हिशोब पगाराच्या दिवशी, तोवर उधारी.

गोव्याच्या माणसांनी हीच व्यवस्था आणखी नेटकी केली. धोबीतलाव आणि आसपासच्या इमारतींत त्यांचे "कूड" होते, त्यांतले काही आजही आहेत. एकेक कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाचं मुंबईतलं बिऱ्हाड. जहाजावर नोकरी करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात इथे उतरायचे. स्वतःची पेटी ठेवायला जागा, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. सभासदत्व गावावरून.

म्हणजे अकरा-बारा लाखांच्या शहरात माणूस झोपायचा गावकऱ्यांत, जेवायचा गावकऱ्यांत, कामालाही त्यांच्याच शेजारी उभा राहायचा. त्याला ओळखणारे सगळे एकमेकांना ओळखायचे. गावच्या मंडळाच्या बैठकीत देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी ठरायची, आणि कुणी घरी पैसे पाठवत नसेल, दारूत उडवत असेल, तर त्याचा निकालही तिथेच लागायचा.

प्लेगने घेतलेली परीक्षा

ही ओळख किती उपयोगाची होती हे १८९६ मध्ये दिसलं. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. लोकसंख्या होती सव्वाआठ लाखांच्या घरात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले असा तेव्हाचा अंदाज आहे.

सरकारच्या दृष्टीने प्रत्येक माणूस म्हणजे एक अनोळखी शरीर होतं. कुणाला घरातून उचलायचं, कुणाला स्टेशनवर तपासायचं, कुणाची खोली धुऊन काढायची, हे नाव-गाव न बघता ठरत होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. आत नेलेलं माणूस परत येत नाही, ही भीती त्यामागे होती. ती भीती निव्वळ अडाणीपणाची म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण असा विचार करा: ज्याच्या आजारपणात दहा जण उशाशी बसायचे, त्याला एकदम अशा जागी नेलं जात होतं, जिथे त्याला ओळखणारं कुणीच नव्हतं.

आणि पळणारे पळाले कुठे? गावाला. तिथे घर होतं, थोडी जमीन होती, नसेल तर भावकी होती. गिरणीमालकांची मात्र पंचाईत झाली. कामगार टिकवण्यासाठी महिन्याऐवजी रोजच्या रोज पगार द्यायची वेळ आली. रस्त्याच्या कोपऱ्यांवर गिरण्यांची माणसं जास्त मजुरीची बोली लावून एकमेकांचे कामगार पळवू लागली. गावाशी टिकवलेलं नातं म्हणजे कामगाराचा विमा होता. त्याचा हप्ता तो दर महिन्याच्या मनिऑर्डरीने भरत आला होता.

हा विमा नंतरही वटला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि संप लांबत गेला तसे त्यांतले कितीतरी गावी परतले. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. तीही तिथेच निघाली होती, जिथे त्यांना नावाने ओळखणारं कुणीतरी होतं.

पण ओळख कुणाची?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी जुन्या चाळीचं गुणगान करतोय. थांबा.

जॉबर गाववाल्याला भरतो, याचा दुसरा अर्थ असा की जो गाववाला नाही, भावकीतला नाही, जातीतला नाही, त्याला तो भरत नाही. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे दलित कामगारांना शिरकाव जवळजवळ नव्हता. कारण काय दिलं जायचं? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. पण इथे सवर्ण विणकरांचं म्हणणं असं, की ज्या धोट्याला दलित माणसाचं तोंड लागलं, त्याला आम्ही तोंड लावणार नाही. यंत्र मँचेस्टरचं, इंधन कोळशाचं, आणि विटाळ मात्र गावचा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तो यासाठीच. गिरण्यांत पाण्याची वेगळी भांडी होती, आणि चाळीही जातवार वसल्या होत्या.

सगळे सगळ्यांना ओळखतात, या वाक्यात सुख कुणाचं आहे, हे इथे कळतं. ज्याची ओळख त्याला खाली ढकलण्यासाठीच वापरली जाते, त्याला न ओळखलं जाणं ही पहिली गरज वाटते.

आंबेडकरांचाच १९१७ चा बडोद्याचा अनुभव आठवा. परदेशात शिकून आलेले, शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा पारशी माणसं दारात उभी राहिली. त्यांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. दिवसाचा उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

बडोदा हे काही खेडं नव्हतं. रस्त्यावर त्यांना कुणी ओळखलं नसतं. पण डोक्यावर छप्पर हवं म्हटलं की नाव लागतं, आणि नाव विचारलं की अनोळखीपणा संपतो. शहराचा अनोळखीपणा सगळ्यांना सारखा वाटलेला नसतो. रस्त्यावर तो फुकट मिळतो, घराच्या दारात नाही. पुढे १९४८ मध्ये घटना समितीत खेड्यांच्या कौतुकावर आंबेडकरांनी इतकी कठोर टीका का केली, याचं उत्तर इथे शोधायला हरकत नाही.

मधली जागा

मग शहराने दिलं काय? माझ्या मते गाव आणि गर्दी यांच्या मधली एक जागा दिली.

१९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा एक गाजलेला शोधनिबंध आला. घट्ट नात्यांतली माणसं साधारण तुम्हाला माहीत असलेलंच जाणतात. नवी माहिती, नवी संधी बहुतेकदा तोंडओळखीच्या माणसाकडून येते, कारण तो दुसऱ्या वर्तुळातला असतो. म्हणून सैल नाती महत्त्वाची.

गिरणगावात नोकरी घट्ट नात्यातून मिळायची, हे आपण पाहिलं. पण सैल नातीही तिथेच जन्माला येत होती: नाक्यावर, चहाच्या दुकानात, व्यायामशाळेत, भजनीमंडळात, वाचनालयात. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला आणि त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार होते. कोकणी आणि घाटी, हिंदू आणि मुसलमान एका मागणीखाली उभे राहिले. हे एका गावच्या मंडळाच्या बळावर होणं शक्य नव्हतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी बैठक झाली. कुठल्याही एका खेड्यात अशी सभा भरवणं काय जोखमीचं ठरलं असतं, याची कल्पना करा. आणि आंबेडकर स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते. म्हणजे चाळीची जवळीकही होती, आणि दहा मिनिटांवर असं सभागृहही होतं, जिथे वेगवेगळ्या गावांची माणसं एकत्र येऊ शकत होती.

बायकांचंही असंच. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. चाळीच्या गॅलरीतून त्यांच्यावर नजर असायचीच, पण हातात पगार होता. खाणावळ चालवणाऱ्या बायकांनी तर १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळवलं. घराघरात एकेकटी पोळ्या लाटणारी बाई दुसऱ्या चाळीतल्या, दुसऱ्या गावच्या बाईला भेटली, तेव्हा हे झालं.

आज

आता गिरण्या गेल्या, टॉवर आले, बंद दारं आली, आणि "पूर्वी चाळीत कशी दारं उघडी असायची" हे वाक्य आलं. त्या वाक्यात खोटं काही नाही. फक्त ते म्हणणाऱ्याचं दार कुणाकुणासाठी उघडं होतं, एवढं विचारून घ्यावं.

उलट बाजूने, आजचं शहर अनोळखी आहे असं तरी कुठे आहे? सोसायटीच्या गेटवर पाहुण्याचा फोटो निघतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणत्या मजल्यावरच्या मुलीकडे कोण आलं याची चर्चा होते. मी संशोधनासाठी खोली शोधत होतो तेव्हा फोनवर भाड्याच्या आधी आडनाव विचारणारे घरमालक मला एकापेक्षा जास्त भेटले. माझ्या आडनावावर त्यांचं समाधान झालं आणि खोली मिळाली. माझ्याबरोबर शोधणाऱ्या मित्राला त्याच इमारतीत "आत्ताच दिली हो" असं सांगण्यात आलं. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना हाच अनुभव आला होता. म्हणजे नव्या शहरात शेजाऱ्याची मदत गेली, पण त्याची चौकशी राहिली. तारेवरून दोन्ही जात होतं, त्यातलं नको ते उरलं.

म्हणून "गाव बरं की शहर" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की प्रश्नच थोडा बदलून घेऊ. तुम्ही आजारी पडलात तर रात्री दोन वाजता दार वाजवता येईल अशी किती माणसं जवळ आहेत? आणि तुम्हाला तुमच्या नाव-गाव-आडनावापलीकडे जाऊन भेटता येईल अशी किती ठिकाणं आहेत? ज्या वस्तीत दोन्ही उत्तरं बरी येतात, तिचं नाव गाव असो की शहर, ती राहण्यालायक. गिरणगावाने पहिल्याचं उत्तर बऱ्याच जणांना दिलं, आणि दुसऱ्यासाठी काही जणांना रस्त्यावर उतरावं लागलं.

पुढच्या लेखात जनगणनेतला "जन्मठिकाण" हा तक्ता कसा वाचायचा ते सांगणार आहे. तोवर एक काम करा. घरात कुणी आजी-आजोबा, काका-मामा मुंबईत पहिल्यांदा आले असतील, तर त्यांना विचारा: पहिली रात्र कुणाच्या खोलीवर काढली? आणि ती खोली आणखी कुणाला मिळाली नसती? दुसरा प्रश्न विचारायला विसरू नका.